तिसऱ्या भागाची पोच

या, या, असे दारात का उभे? सरका जरा आत, माझ्या जवळ बसा. मागच्यांना ऐकू येतंय ना? कोणाला खोकायचं असेल त्यानं एकदाचं खोकून घ्या, आणि मग कान माझ्या स्वाधीन करा. आज एका चोरीचं आख्यान सांगणार आहे. चोर घरातलाच होता. तो सापडला तेव्हा घरच्यांनी त्याच्या पायावर डोकं ठेवायचं तेवढं बाकी ठेवलं, अशी ती चोरी! देवाच्या दरबारात अशा चोराचा न्याय कसा करतात, देव जाणे. तुम्ही ऐका आणि ठरवा.

१

शुक्रवारची सकाळ. घड्याळजीनं दुकान नुकतंच उघडलं होतं. दुकान खाली, घर वर, मधे लाकडी जिना. डोळ्याला भिंग लावून तो एका मनगटी घड्याळाच्या पोटात डोकावत होता, तोच फोन वाजला. परगावच्या बालगृहातल्या बाई होत्या.

"अहो, तुमच्या फाइलचे चार भाग यायचे होते ना? पहिला आला, दुसरा आला, चौथा आला. तिसरा कुठाय?"

"चारही मंगळवारीच गेलेत, बाई."

"नाही हो. मी पुन्हा पुन्हा बघितलं. गृहभेटीचा अहवाल, डॉक्टरांचा दाखला, घराचे फोटो, सगळं त्या तिसऱ्यातच आहे. आज संध्याकाळी समिती बसतेय आणि अपुरी फाइल मला पुढे ठेवता येत नाही. आज राहिली, तर..." बाई घुटमळल्या. "तर तिच्यासाठी पुढच्या घराचा विचार होईल. ते माझ्या हातात नाही. लवकर पाठवा."

घड्याळजी डोळ्यावरचं भिंग न काढताच जिना चढला. कॉम्प्युटर उघडला. पहिला भाग होता, दुसरा होता, चौथा होता. तिसऱ्याची जागा मात्र पडलेल्या दातासारखी मोकळी.

'ती' कोण, हे आता सांगायला हवं. घड्याळजी आणि त्याची बायको, दोघंही देवमाणसं. बायको कर्णबधिर मुलांच्या शाळेत शिकवते. घरात सगळं होतं, मूल तेवढं नव्हतं. मग दोघांनी दत्तक घ्यायचं ठरवलं. बालगृहात नुकतीच धड बोलायला लागलेली एक मुलगी त्यांनी पाहिली. पाहिली कसली, तिनंच यांना निवडलं. घड्याळजीच्या मनगटाला कान लावून बसली ती काही केल्या उठेना. "आत कोण चालतंय?" म्हणाली. झालं! तेव्हापासून या घरात तिला 'मालकीणबाई' म्हणायला लागले. मालकीणबाई यायच्या आधी त्यांचं स्टूल आलं, त्यांची उशी आली. राहिले होते ते फक्त कागद.

आणि आता त्या कागदांतलाच एक भाग नाहीसा झाला होता.

२

बायकोनं बातमी ऐकली आणि एकच काम केलं. पलीकडच्या गल्लीत आपल्या मावशीला फोन लावला.

मावशी म्हणजे मेट्रनमावशी. उभा जन्म इस्पितळात काढलेली बाई. डॉक्टर रोग्याला विचारायचे, "काय होतंय?" मावशी विचारायची, "काय लपवतोयस?" आणि रोगी भडाभडा बोलायला लागायचा. तिची एक खोड होती. कोणाशीही बोलताना ती त्याचं मनगट हातात घ्यायची. "तोंडाला खोटं बोलायची सवय असते," म्हणायची, "नाडीला तेवढी अक्कल नाही."

मावशी आली, खुर्ची नाकारून स्टुलावर बसली. "हं, पहिल्यापासून सांगा. आणि एकानंच बोला."

घड्याळजीनं सांगितलं ते असं. मंगळवारी झेरॉक्सवाल्यानं सगळे कागद स्कॅन करून त्यांची एकच जाडजूड फाइल करून दिली. ती ईमेलनं जाईना. जोडायला गेलं की उत्तर एकच, फाइल फार मोठी आहे. झेरॉक्सवाला म्हणाला, "आणा, दाबून लहान करतो." त्यानं ती इतकी लहान केली, की डॉक्टरांचा शिक्का मुंगीएवढा झाला आणि मालकीणबाईंची रंगवलेली खोली काजळी धरलेल्या मोरीसारखी दिसायला लागली.

"मी म्हटलं, चालेल, पाठवून टाकू," घड्याळजी म्हणाला. "ही म्हणाली, त्या खोलीत मूल कोण पाठवेल? त्यावरून जरा वाजलं आमचं."

"जरा?" बायको म्हणाली.

"बरंच वाजलं. मग हिच्या म्हणण्याप्रमाणे मोठ्या फाइलचे चार भाग केले. एकेका ईमेलला एकेक भाग जोडायचा, असं ठरलं."

"मग ती मोठी फाइल कुठाय? पुन्हा कापा की!"

कोपऱ्यातून शिलाई मशीनचा आवाज येत होता, तो थांबला. मशीनवर घड्याळजीची थोरली बहीण होती. ती शाळेचे गणवेश शिवते, याच घरात राहते.

"ती मी पुसली," ती म्हणाली.

"झेरॉक्सवाल्याकडे असेल," मावशी म्हणाली.

"तो रोज दुकान बंद करताना सगळ्यांच्या फाइली पुसतो. आणि मूळ कागद वकिलांच्या कपाटात. वकील कुलूप लावून घरच्या लग्नाला गेलेत, ते सोमवारी येणार."

मावशीनं खोलीवरून नजर फिरवली. एक नवरा, एक बायको, एक नणंद. पलीकडच्या खोलीत अण्णा, म्हणजे घड्याळजीचे वडील. रेल्वेच्या पार्सल कचेरीतून निवृत्त झालेले, हृदयानं नाजूक. दुपारी कॉम्प्युटरवर देवाची आख्यानं लावावीत, हात जोडून ऐकावीत आणि ऐकता ऐकता डोळे टिपावेत, एवढाच त्यांचा संसार उरला होता.

"अण्णांना यातलं काही कळता कामा नये," घड्याळजी कुजबुजला. "डॉक्टरांनी बजावलंय, धक्का बसता कामा नये."

"बघू," मावशी म्हणाली. "आधी तुमच्या नाड्या बघू. ताई, तुम्ही पहिल्या."

३

नणंदेचं मनगट सुईच्या टोचण्यांनी खरखरीत झालेलं.

"सुरुवातीला तुम्ही म्हणाला होता, परक्याचं पोर आपलं कसं होणार."

"म्हणाले होते."

"म्हणून मोठी फाइल पुसलीत?"

"देवाशप्पथ, नाही हो!" तिचे डोळे भरले. "भाग झाल्या झाल्याच पुसली. कॉम्प्युटर नुसता धापा टाकत होता. 'जागा नाही, जागा नाही' म्हणून ओरडत होता. मला वाटलं, कापून झालंय, आता अख्खं ठाण कशाला हवं? पुसली, आणि त्याची ती केराची टोपलीही रिकामी केली. घर झाडल्यावर कोणी केर सांभाळून ठेवतं का?"

"त्यानंतर पुन्हा हात लावलात?"

"नाही. गणवेशांची घाई होती."

"आणि मी आल्यावर मशीनखाली पायानं काय सरकवलंत?"

नाडी उडी मारून धावली. मावशीनं वाकून टोपली ओढली. गणवेशांच्या चिंध्यांखाली झगे होते. इवलेसे, पिवळे, निळे, एकाला ससे काढलेले.

"अंदाजानं शिवतेय," नणंद पुटपुटली. "माप कुठून आणू? पहिल्यांदा बोलू नये ते बोलून बसले. आता कुठल्या तोंडानं दाखवू? येईल तेव्हा हळूच कपाटात ठेवून देणार होते."

मावशीनं टोपली पुन्हा मशीनखाली सरकवली. "हे जरा ढगळ शिवा. मुलं वाढतात," एवढंच म्हणाली.

मंडळी, असं असतं बघा. चोर शोधायला जावं आणि हाताला झगे लागावेत. पण झग्यांनी तिसरा भाग सापडत नाही. मावशी दाराशी जाऊन वळली.

"ताई, चौथा भाग कोणी पाठवला?"

"आमच्या घड्याळजीनं. दुसरं कोण पाठवणार?"

४

घड्याळजीची नाडी दुकानातल्या सगळ्या घड्याळांपेक्षा पुढे पळत होती.

"मी? मी नाही पाठवला चौथा. भांडण झालं, तसा मी खाली दुकानात जाऊन बसलो. त्यानंतर आज सकाळपर्यंत मी त्या कॉम्प्युटरकडे बघितलंसुद्धा नाही. मला वाटलं, ताईनं पाठवला."

"मग नाडी का पळतेय, जावईबापू?"

त्यानं दाराकडे पाहिलं आणि आवाज खाली आणला. "मावशी, तिसऱ्यात हिचा दाखला आहे. मागं आजारी होती ना, त्याचा. आता ठणठणीत आहे, डॉक्टरांनीच लिहिलंय. पण तिला त्या कागदाची फार भीती वाटते. तिनंच तर नाही ना... मी तिला विचारणार नाही. जन्मात विचारणार नाही. मूल नाही आलं तरी चालेल, पण तिला वाटता कामा नये की मी..."

"नाक पुसा," मावशी म्हणाली. "आणि डोळ्यावरचं ते भिंग काढा. सकाळपासून माझ्या नाकाचा तीळ मोठा करून बघताय."

मग तिनं भाचीला गच्चीत नेलं. वाळत टाकलेल्या चादरींच्या मधे दोघी उभ्या राहिल्या.

"पोरी, लपवायचं असेल तर खुशाल लपव. पण मनगट दे."

भाची हसली आणि हसता हसताच रडली. "मावशी, खरं सांगू? पहिले दोन भाग मी पाठवले. तिसऱ्यावर आले आणि हात थांबला. वाटलं, हा दाखला वाचतील आणि म्हणतील, ही बाई किती दिवसांची सोबती? त्या लेकराला आधीच एकदा कोणीतरी सोडून गेलंय. पुन्हा आपण..." तिनं चादरीचं टोक मुठीत धरलं. "तेवढ्यात शाळेतून निरोप आला, एक मुलगा घसरगुंडीवरून पडला. मी तशीच धावले. परत आले तर पाठवलेल्यांत चौथा दिसला. म्हटलं, यांचा राग गेला, यांनी उरलेले पाठवले असतील. तिसरा गेलाय की नाही, मोजायचंसुद्धा सुचलं नाही."

"दाखला काढून टाकावासा वाटला?"

"क्षणभर वाटलं. पण नाही काढला. खोट्यावर उभं केलेलं घर तिला कसं द्यायचं?"

मावशी मनगट सोडून म्हणाली, "चल आत. तुम्ही तिघं खरं बोलताय, आणि म्हणूनच पंचाईत झालीय."

"म्हणजे?"

"चौथा भाग तू पाठवला नाहीस, जावयानं नाही, नणंदेनं नाही. मग तो गेला कसा? पाय फुटले त्याला?"

५

तिघांना समोर बसवून मावशी बोलायला लागली. बाहेर ऊन कलायला लागलं होतं आणि घड्याळजीची नजर सारखी भिंतीकडे जात होती.

"ऐका. ज्याला ही फाइल पोहोचू द्यायची नाही, तो चौथा भाग पाठवायची तसदी घेईल का? बसल्या जागी काही न करता त्याचं काम होत होतं. म्हणजे ज्यानं चौथा पाठवला, तो तुमचा वैरी नाही. उलट त्याला फाइल जायलाच हवी आहे. दुसरं. ताईंनी केर काढला तो मंगळवारी, भाग झाल्या झाल्या. त्यानंतर तिसरा भाग कोणी पुसला असता तर तो कॉम्प्युटरच्या टोपलीत सापडला असता. जावईबापू, टोपलीत काय आहे?"

"काही नाही. रिकामी."

"म्हणजे टाकला नाही. उचलून नेला. ज्याला वस्तू नको असते तो ती टाकतो. ज्याला ती जिवापाड हवी असते, तो नेतो. आता मला तो चौथा ईमेल दाखवा. फाइल नव्हे, वरचा मजकूर."

घड्याळजीनं उघडला. पहिल्या दोन ईमेलांत भाचीचं गोड लिखाण होतं, "सप्रेम नमस्कार, भाग पहिला जोडत आहे," वगैरे. चौथ्यात एवढंच होतं:

"सोबत नग एक. जपून उतरवून घ्यावा. पोच द्यावी."

तिघं त्या ओळीकडे बघत राहिले. तेवढ्यात आतल्या खोलीतून चपला घासत येण्याचा आवाज आला.

"गप्प! अण्णा आले!" घड्याळजीनं झटकन कॉम्प्युटरचा पडदा बंद केला. नणंद मशीन चालवायला लागली, सुईत दोरा नसताना. भाचीनं उगाचच हसरा चेहरा केला.

अण्णा दारात उभे राहिले. धुवट सदरा, एक हात छातीवर. "काय रे, पोच आली का?"

"येईल अण्णा," मुलगा म्हणाला. "सगळं छान चाललंय. तुम्ही पडा जरा."

"नाही आली म्हणजे," अण्णा म्हणाले. त्यांनी सगळ्यांच्या तोंडाकडे आळीपाळीनं पाहिलं, मान हलवली आणि छातीवरचा हात तसाच ठेवून परत गेले.

"छातीत दुखतंय वाटतं त्यांच्या," नणंद घाबरून म्हणाली.

"दुखत नाहीये," मावशी उठत म्हणाली. "दुखणाऱ्या छातीवर माणूस पंजा पसरून ठेवतो. त्यांनी मूठ धरलीय. चला."

"मावशी, नको! त्यांना कळलं तर..."

"रोग्याला न सांगता रोग बरा करायला निघालात! सकाळपासून तुम्ही त्यांना फसवताय आणि तीन दिवस ते तुम्हांला. चला म्हणते ना!"

६

अण्णा खाटेवर बसले होते. मावशी शेजारी बसली आणि तिनं त्यांचं मनगट हातात घेतलं.

"अण्णा, सरळ विचारते. तुमच्या पार्सल कचेरीत जोखमीचा नग कसा पाठवायचे हो?"

अण्णांचा चेहरा असा उजळला, जणू कोणी स्टेशनातले दिवे लावले. "अहो विहीणबाई, त्याचा नियम आहे! एका मालकाचे सगळे नग एका डब्यात कधी भरायचे नाहीत. एकदा आमच्या इथं डबा जळाला, त्यात एका माणसाचा सगळा संसार गेला. तेव्हापासून मी तो नियम मोडला नाही. साधे नग पुढं पाठवायचे. ते सुखरूप उतरले, तिकडून पोच आली, की मग जोखमीचा. आणि तोवर तो गोदामात नाही ठेवायचा. अंगावर ठेवायचा."

"आणि मंगळवारी सूनबाई धावत शाळेत गेली..."

"काम अर्धं टाकून गेली बिचारी. मी आख्यान ऐकायला बसलो होतो. बघतो तर दोन नग गेलेले, दोन राहिलेले. म्हटलं, पोरांचं भांडण झालंय, आपणच हातभार लावू. उघडून बघितले. चौथ्यात शेजाऱ्यापाजाऱ्यांची पत्रं. तो पाठवला, एका बोटानं. तिसऱ्यात..." त्यांचा आवाज हलला. "तिसऱ्यात खोली होती. मालकीणबाईंची. तिचं स्टूल, तिची उशी. सगळा जीव त्यात. तो कसा त्याच डब्यात भरू?"

"तुम्हांला ईमेल येतो, अण्णा?" घड्याळजी ओरडलाच.

"मीच शिकवला की हो!" बायकोनं कपाळाला हात लावला. "त्यांच्या कचेरीतल्या जुन्या मित्राला लिहायला. आणि आख्यानं भरून पेनड्राइव्हही मीच दिला."

"पण अण्णा," मावशी म्हणाली, "कॉम्प्युटरवरून का काढलात? प्रत घ्यायची, मूळ तिथंच राहू द्यायचं."

अण्णांनी तिच्याकडे लहान मुलाकडे बघावं तसं पाहिलं. "विहीणबाई, माल एका वेळी एकाच ठिकाणी असतो. गोदामात असेल तर अंगावर नाही, अंगावर असेल तर गोदामात नाही. दोन्हीकडे दिसला की समजायचं, कुठंतरी लबाडी आहे. आणि तिथंच तर मला शंका आली! चौथा नग पाठवला, तर तो पाठवल्यावरही कॉम्प्युटरमध्ये तसाच! पहिले दोनही तसेच. म्हणजे गेलेच नाहीत ना? म्हटलं, गाडी सुटलीच नसेल, नाहीतर वाटेत अडली असेल. आता पोच आल्याशिवाय तिसरा हातचा सोडायचा नाही. म्हणून रोज विचारतोय, पोच आली का, पोच आली का. आणि तुम्ही म्हणता, सगळं छान चाललंय."

मंडळी, आता कोडं पुरतं उलगडलं. अण्णा पोच येण्याची वाट बघत होते. बालगृहाच्या बाई चारही भाग येण्याची वाट बघत होत्या, ते आल्याशिवाय पोच देणार नव्हत्या. हे पोच आल्याशिवाय तिसरा सोडेनात, त्या तिसरा आल्याशिवाय पोच देईनात. आणि मधे ही तीन शहाणी माणसं, म्हाताऱ्याचं हृदय जपायला तोंडाला कुलूप लावून बसलेली. प्रेमानं कधी कधी असा घोटाळा होतो, की वैऱ्यालाही जमू नये.

"अण्णा," मावशीनं मनगट घट्ट धरलं, "आता ऐका, आणि श्वास घेत राहा. पुढचे नग केव्हाच उतरलेत. तिकडं खोळंबा आहे तो तुमच्या नगाचा. आज संध्याकाळपर्यंत तो नाही गेला, तर मालकीणबाई दुसऱ्या घरी जातील."

घड्याळजी धावत पाणी आणायला निघाला, नणंदेनं डोळे मिटून देवाचं नाव घ्यायला सुरुवात केली. अण्णांचा चेहरा पांढरा पडला. मग त्यांनी सदऱ्याच्या आत हात घातला आणि गळ्यातली दोरी वर ओढली. दोरीच्या टोकाला काळा पेनड्राइव्ह होता, अंगाच्या उबेनं कोमट झालेला.

"मी अडवला होय गाडीला?" ते म्हणाले. "मीच?"

"तुम्ही सांभाळला," सूनबाई त्यांच्या पायाशी बसली. "तुम्ही नेला नसता, तर मी कदाचित तो कागद काढून पाठवला असता. कोणी सांगावं?"

"मग रडतेस काय? पळ! गाडीची वेळ झाली!"

मावशी मनगट सोडेना. सगळे तिच्या तोंडाकडे बघायला लागले. "चालू आहे," ती म्हणाली. "सकाळपासून या घरात धरलेल्या नाड्यांत ही एकच धड आहे. खरं ऐकून कोणी मरत नाही, हे मी डॉक्टरांना पण सांगून दमले."

७

तिसरा भाग गेला. पाठवायचं बटण अण्णांनीच दाबलं. मजकूर काय लिहायचा यावर जरा वाद झाला. सूनबाईला "सप्रेम नमस्कार" हवं होतं, अण्णांना "जोखमीचा नग, उलटा धरू नये." शेवटी दोन्ही लिहिलं.

मग सगळे पडद्यासमोर बसले. पाखरू जाळ्यात यायची वाट बघावी तसे नव्हे हो, पाखरू घरट्यात यायची वाट बघावी तसे. खाली दुकानात एक गिऱ्हाईक "अहो मालक, अहो मालक" करून ओरडून गेलं. कोणी उठलं नाही. ऊन भिंतीवरून खाली उतरलं. आणि उत्तर आलं.

"चारही नग सुखरूप उतरवून घेतले. ही पोच. खोली फार सुरेख आहे. फाइल समितीपुढे नेते."

अण्णांनी ती ओळ मोठ्यानं वाचली, पुन्हा वाचली, आणि मग आतल्या खोलीत जाऊन दार लोटून घेतलं. आतून त्यांच्या आख्यानातली एक ओळ ऐकू येत राहिली, बेसूर, रडवेली, आनंदी. नणंदेनं झग्यांची टोपली मशीनखालून काढून सगळ्यांच्या देखत टेबलावर ठेवली आणि "काय बघताय, चहा टाकते," म्हणून आत गेली. घड्याळजी बायकोला म्हणाला, "मी तुझ्याबद्दल एक वाईट विचार केला होता." ती म्हणाली, "मीही माझ्याबद्दल तोच केला होता."

अंधार पडता पडता बालगृहाच्या बाईंचा फोन आला. समितीनं होकार दिला होता. डॉक्टरांच्या दाखल्यावर कोणी अडलं नाही. समितीतले एक वयस्क गृहस्थ फक्त एवढं म्हणाले, की आजारातून उठलेल्या माणसाला दुसऱ्याच्या तापात उशाशी बसणं चांगलं जमतं. घड्याळजीनं फोन बायकोच्या हातात दिला.

"सोमवारी या," बाई म्हणाल्या. "तिला सांगितलंय. ती विचारतेय, आतला चालणारा पण येणार का." मग त्यांचा आवाज दमल्यासारखा झाला. "बरं, ठेवते. मला आता त्या दुसऱ्या घराला कळवायचंय. त्यांनीही खोली रंगवून ठेवलीय हो. दिवसभर फोनपाशी बसलेत."

सूनबाईनं फोन ठेवला. घरात हसणं चाललं होतं. ती खिडकीशी गेली, हात जोडले आणि कोणाला ऐकू जाणार नाही असं काहीतरी पुटपुटली.

मालकीणबाई आल्या. झगे ढगळ झाले, ते पुढं बरोबर झाले, आणि मग आखूड झाले. अण्णा तिला आख्यानं ऐकवतात आणि ती मधेच विचारते, "मग पोच आली का?" ते सुख मी काय वर्णावं? तुमच्या घरी लेकरं आहेत, तुम्हांला ठाऊक आहे.

पण मंडळी, उठण्याआधी एक मागणं आहे. आज घरी जाल, दिवा मालवण्याआधी हात जोडाल. आपल्या माणसांसाठी मागून झालं, की त्या दुसऱ्या घराची आठवण काढा. त्यांचं नाव मला ठाऊक नाही, गाव ठाऊक नाही. एवढंच ठाऊक आहे, की त्यांच्याकडे एक खोली रंगवलेली आहे, त्या संध्याकाळी त्यांचा फोन वाजला, आणि दोघांपैकी कोणीतरी तो उचलला. देवाजवळ त्यांच्यासाठी शब्द टाका. त्यांचीही कोणीतरी वाटेत असेल.